फ्युएल रॉडमधला ट्रान्झियंट: आधी हाताने, मग स्प्रेडशीटवर, कोड सगळ्यात शेवटी

हीट ट्रान्सफर शिकलेल्या कुणालाही अणुभट्टीच्या रॉडचं स्टेडी स्टेट गणित येतं, मधे उष्णता तयार होते, बाहेर पाणी आहे, एक फॉर्म्युला टाकला की मधलं तापमान मिळतं. गाडी अडते ती पॉवर बदलायला लागली की. मग मुलं थेट मोठा कोड उघडतात, दोनशे ओळींची इनपुट फाइल भरतात, आणि आलेला ग्राफ बरोबर आहे का चूक हे सांगायला त्यांच्याकडे काहीच नसतं. म्हणून इथे उलटीकडून जाऊ. एका रॉडचा एक मीटर तुकडा घ्यायचा, कागदावर चार आकडे काढायचे, मग स्प्रेडशीटमधे दोन कॉलम, आणि ते पुरेनासं झालं तरच पायथन वगैरे. कुठलाही ट्रान्झियंट, म्हणजे पॉवर किंवा कूलिंग बदलत असतानाची घटना, समोर आला की पहिला प्रश्न एकच, ही घटना किती सेकंदांची आहे आणि रॉडचे स्वतःचे सेकंद किती आहेत, बाकी सगळं त्यावरून ठरतं.

रॉड कुठला घ्यायचा

मी नेहमीचा पीडब्ल्यूआर (दाबाखालच्या साध्या पाण्याची अणुभट्टी) रॉड धरतोय, सतरा बाय सतराच्या असेंब्लीतला, कारण त्याचे आकडे सगळीकडे मिळतात. बाहेरचा व्यास ९.५ मिमी, झिर्कोनियमच्या क्लॅडची, म्हणजे बाहेरच्या नळीची, जाडी ०.५७ मिमी, आत युरेनियम डायऑक्साइडची पेलेट साधारण ८.२ मिमी व्यासाची, आणि पेलेट नि क्लॅडच्या मधे थंड असताना ०.०८ मिमीची गॅप, तिच्यात हेलियम भरलेला. (कुडनकुलमचे रशियन बनावटीचे व्हीव्हीईआर रॉड ह्याच कुळातले, पण त्यांच्या पेलेटला मधोमध भोक असतं, त्यामुळे खालचा फॉर्म्युला त्यांना जसाच्या तसा लावू नका. तारापूरच्या रॉडचं शेवटी बघू.)

पॉवर मोजायची ती प्रति मीटर लांबी, हिलाच लिनियर पॉवर म्हणतात. सरासरी रॉड साधारण १८ किलोवॅट प्रति मीटर असतो, आपण सरळ २० धरू, गणित सोपं जातं. कूलंट ३१० डिग्री सेल्सिअस.

पायरी पहिली: स्टेडी स्टेट, पण पायऱ्या मोजत

बाहेरून आत यायचं, उलट नाही, कारण माहीत असलेलं तापमान फक्त पाण्याचं आहे.

पाणी ते क्लॅड: पाण्याचा हीट ट्रान्सफर कोएफिशंट ३५,००० वॅट प्रति चौरस मीटर प्रति डिग्री धरला तर फरक १९ डिग्री. क्लॅडच्या जाडीत, कंडक्टिव्हिटी १६ धरून, २५ डिग्री. गॅपमधे, गॅप कंडक्टन्स ६,००० धरून, १२९ डिग्री. आणि पेलेटच्या आत, पृष्ठभागापासून मध्यापर्यंत, लिनियर पॉवर भागिले (चार × पाय (π) × के), के म्हणजे पेलेटची कंडक्टिव्हिटी, तो ३.५ धरला की ४५५ डिग्री. म्हणजे क्लॅडची बाहेरची बाजू ३२९, आतली ३५४, पेलेटचा पृष्ठभाग ४८४ आणि मध्य ९४० च्या आसपास.

त्या शेवटच्या फॉर्म्युल्यात त्रिज्या कुठेच नाहीये हे बघून घ्या. पेलेट जाडी असो की बारीक, लिनियर पॉवर तीच असेल तर मध्य आणि पृष्ठभागातला फरक तोच. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे पटत नाही, दोन ओळींत सिद्ध करता येतं, करून बघा. त्रिज्या खरी डोकं वर काढते ती वेळेच्या गणितात.

आता के ३.५ कुठून आला. युरेनियम डायऑक्साइडची कंडक्टिव्हिटी तापमानाबरोबर घसरते, खोलीच्या तापमानाला ८ च्या जवळपास, ५०० डिग्रीला ४.३, १,००० डिग्रीला २.८. फिंक नावाच्या संशोधकाने २००० साली जी सूत्रं एकत्र करून दिली त्यातलं ९५ टक्के घनतेसाठीचं सोपं रूप असं: के = १०० ÷ (७.५४ + १७.६९ × ट + ३.६१ × ट × ट), इथे ट म्हणजे केल्विनमधलं तापमान भागिले १,०००. दीड हजार केल्विनच्या वर अजून एक पद जोडावं लागतं कारण तिथून पुढे इलेक्ट्रॉनिक भाग कामाला लागतो, के घसरायचा थांबतो आणि पुढे किंचित वर चढतो. हे सूत्र नीट इंटिग्रेट केलं तर आपल्या रॉडचा मध्य ९३० डिग्री येतो, आणि ३.५ धरून ९४० आला, म्हणजे ह्या पॉवरला स्थिर के चालतो. ४० किलोवॅटला चालणार नाही, तिथे इंटिग्रेट करायलाच लागेल.

केल्विन आणि सेल्सिअसची गफलत इथेच होते हो, सूत्र केल्विन मागतं आणि आपण ९४० टाकून बसतो, के पाव हिश्श्याने चुकतो, पण आकडा दिसायला इतका बरा असतो की कुणाला कळतही नाही.

पायरी दुसरी: रॉडमधे साठा किती आहे

स्टेडी स्टेट शिकवताना हे सहसा सोडून देतात आणि ट्रान्झियंटमधे नेमकं हेच लागतं. पेलेटची घनता १०,४०० किलो प्रति घनमीटर, विशिष्ट उष्मा ३१० जूल प्रति किलो प्रति डिग्री, क्षेत्रफळ काढून गुणलं की एक मीटर पेलेट एक डिग्रीने तापवायला १७० जूल लागतात. क्लॅडला तसेच सुमारे ३५ जूल. पेलेटचं सरासरी तापमान म्हणजे पृष्ठभाग अधिक फरकाचा अर्धा, कारण आतला आकार पॅराबोला आहे, म्हणजे ४८४ अधिक २२८, ७१२ डिग्री. पाण्यापेक्षा ४०२ ने जास्त.

४०२ गुणिले १७० म्हणजे ६८ किलोजूल प्रति मीटर, हा झाला साठा. आता ह्याला २० किलोवॅटने भागा, ३.४ सेकंद येतात. हा आकडा लिहून ठेवा. ह्याचा एक अर्थ असा की रॉडमधे ३.४ सेकंदांची फुल पॉवर साठवलेली आहे, आणि दुसरा अर्थ असा की हाच रॉडचा टाइम कॉन्स्टंट आहे, दोन्ही एकच गणित. गॅस बंद केल्यावरही तवा शेवटची भाकरी भाजून देतो ना, तसं भट्टी ट्रिप झाली, म्हणजे एकदम बंद पडली, तरी पाण्याला पुढचे कितीतरी सेकंद उष्णता येतच राहते. पुस्तकांत ४ ते ५ सेकंद दिसतील, गॅप आणि के काय धरलाय त्यावर ते हलतं.

इथे त्रिज्या येते. पेलेटचा स्वतःचा वाटा त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, त्रिज्या वर्ग भागिले आठ अल्फा (अल्फा म्हणजे के भागिले घनता गुणिले विशिष्ट उष्मा), आपल्या पेलेटला १.९ सेकंद, उरलेला दीड सेकंद मुख्यतः गॅपचा.

आता घटना समोर ठेवा. पॉवर मिनिटाला ५ टक्क्याने वाढवायची आहे? रॉडचं सरासरी तापमान मिनिटाला २० डिग्रीने चढेल आणि ३.४ सेकंदांच्या मागे राहण्यामुळे फरक पडेल जेमतेम १ डिग्रीचा, म्हणजे ट्रान्झियंट गणित करायचीच गरज नाही, प्रत्येक क्षणाला स्टेडी स्टेट लावा आणि घरी जा. भट्टी ट्रिप झाली, पंप थांबले, पाणी गेलं, ह्या सगळ्या सेकंदांच्या घटना, इथे दोन कॉलमचं मॉडेल चालतं. कंट्रोल रॉड बाहेर फेकला गेला आणि काही मिलिसेकंदांचा पल्स आला, तर दोन कॉलम बंद आणि पेलेटच्या आत चकत्या पाडायला लागतात.

पायरी तिसरी: दोन कॉलमची स्प्रेडशीट

एक तापमान पेलेटच्या सरासरीचं, एक क्लॅडचं. मधला रेझिस्टन्स असा काढायचा: पेलेटचा अर्धा भाग, अधिक गॅप, अधिक अर्धा क्लॅड, म्हणजे ३७० डिग्री भागिले २०,००० वॅट, ०.०१८५. क्लॅड ते पाणी: अर्धा क्लॅड अधिक पाण्याचा थर, ०.००१६.

कॉलम चार ठेवा: वेळ, पॉवर, पेलेट, क्लॅड. टाइम स्टेप ०.०१ सेकंद. प्रत्येक ओळीत

नवीन पेलेट = जुनं पेलेट + ०.०१ × (पॉवर − (पेलेट − क्लॅड) ÷ ०.०१८५) ÷ १७०

नवीन क्लॅड = जुनं क्लॅड + ०.०१ × ((पेलेट − क्लॅड) ÷ ०.०१८५ − (क्लॅड − ३१०) ÷ ०.००१६) ÷ ३४.६

उजवीकडे सगळीकडे जुन्या ओळीचे आकडे घ्यायचे. सुरुवात पेलेट ७१२, क्लॅड ३४२, पॉवर २०,०००. पहिली टेस्ट अशी की पॉवर तशीच ठेवून ओळी खाली ओढा, दोन्ही आकडे जागचे हलता कामा नयेत. हलले तर कुठेतरी कंस चुकलाय, पुढे जाऊच नका.

स्टेप ०.०१ का, तर क्लॅड फार चपळ आहे, त्याचा टाइम कॉन्स्टंट ०.०५ सेकंद आहे. स्टेप ०.१ च्या वर गेली की क्लॅडचा कॉलम वरखाली उड्या मारत फुटतो. हाही गमतीचा प्रयोग आहे, एकदा मुद्दाम ०.१५ टाकून बघा म्हणजे अस्थिर स्कीम दिसते कशी ते आयुष्यभर लक्षात राहील.

ट्रिप. पॉवर एकदम १,२०० वर आणा, म्हणजे ६ टक्के, ही डिके हीट, फिशन थांबल्यावरही त्याच्या अवशेषांतून येत राहणारी उष्णता. ३.४ सेकंदांनी पेलेट ४७३ च्या आसपास दिसेल, १० सेकंदांनी ३५४, आणि शेवटी ३३४ ला जाऊन टेकेल. क्लॅड मात्र जवळपास जागचं हलत नाही, ३४२ वरून ३१२. ट्रिपमधे तापमानाचा सगळा खेळ पेलेटच्या पोटात चालतो. प्रत्यक्षात पॉवर अशी एका क्षणात ६ टक्क्यांवर येत नाही, रॉड पडायला दोनेक सेकंद जातात आणि नंतरही उशिरा सुटणाऱ्या (डिलेड) न्यूट्रॉन्समुळे फिशन लगेच शून्य होत नाही, साधारण ८० सेकंदांच्या पिरियडने ते विझत जातं. पॉवरच्या कॉलममधे ती शेपटी घाला, ग्राफ बराच खरा वाटायला लागतो.

पाणी गेलं. हा बघण्यासारखा आहे. पॉवर शून्य करा, म्हणजे डिके हीटसुद्धा नाही, आणि क्लॅड ते पाणी हा रस्ता जवळजवळ बंद करा, ०.००१६ च्या जागी एखादा प्रचंड आकडा. काय होतं? पेलेटमधला साठा क्लॅडमधे सांडतो. दोघं एकाच तापमानाला येतात, (१७० × ७१२ + ३४.६ × ३४२) भागिले २०४.६, ६४९ डिग्री. आणि हे होतं अर्ध्या सेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटने, म्हणजे दोनेक सेकंदांत क्लॅड ३४२ वरून ६५० वर. उष्णता नवीन काही तयार झाली नाही, होती तीच फक्त नीट पसरली. लॉस ऑफ कूलंट अपघातात क्लॅडच्या तापमानाचं पहिलं शिखर दिसतं ते मुख्यतः ह्याच्यामुळे. पेलेटचा मध्य ह्या वेळात खाली येत असतो बरं का, फ्युएल थंड होतंय आणि क्लॅड तापतंय, दोन्ही एकाच वेळी.

त्यानंतर डिके हीट. १,२०० वॅट भागिले २०४.६, सेकंदाला ६ डिग्रीच्या जवळपास, जर कुणीच थंड करत नसेल तर. नुसती वाफ असेल आणि कोएफिशंट १०० धरला तर रस्ता ०.३३५ होतो, आणि क्लॅड ७०० च्या पुढे जाऊन बॅलन्स होतं. दुप्पट पॉवरच्या गरम रॉडला हाच बॅलन्स ११०० च्या वर येतो. अमेरिकेच्या नियमात आणीबाणीच्या कूलिंगसाठी क्लॅडची मर्यादा १,२०४ डिग्री आहे, २,२०० फॅरनहाइट, १९७० च्या दशकापासूनची, कारण त्याच्या वर झिर्कोनियम आणि वाफेची रिअ‍ॅक्शन इतकी जोरात चालते की ती स्वतःच उष्णता देते आणि हायड्रोजन सोडते. म्हणजे ११०० म्हणजे अंगावर आलेलंच आहे.

गॅप, आणि तिच्यावर एवढं का बोलायचं

वरती गॅप कंडक्टन्स ६,००० असा सहज लिहून टाकला, पण सगळ्या गणितातला सगळ्यात कच्चा आकडा तोच आहे. हेलियमची कंडक्टिव्हिटी ०.३ घेऊन ०.०८ मिमीने भागली तर ३,७५० येतात, पण गरम झाल्यावर पेलेट फुगते, तडकते, तिचे तुकडे बाहेर सरकतात, आणि बाहेरून पाण्याचा दाब क्लॅडला हळूहळू आत ढकलत असतो, त्यामुळे गॅप कमी होते आणि कंडक्टन्स वाढतो. बराच काळ चालल्यावर गॅप जवळजवळ बंदच होते. उलट बाजूला फिशनमधून झेनॉन आणि क्रिप्टॉन बाहेर पडतात, झेनॉनची कंडक्टिव्हिटी हेलियमच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास, थोडा मिसळला तरी गॅसची वाट लागते.

आता स्प्रेडशीटमधे ६,००० चे ३,००० करा. गॅपमधला फरक १२९ चा २५८ होतो, पेलेटची सरासरी ७१२ ची ८४१, टाइम कॉन्स्टंट ३.४ चा ४.५, आणि पाणी गेल्यावर क्लॅड ६५० ऐवजी ७५७ ला जातं. शंभर डिग्री, फक्त एका आकड्यामुळे, आणि तो आकडा थेट मोजता येत नाही. १०,००० धरला तर तेच ६०६. म्हणून माझं मत असं की ट्रान्झियंटच्या रिपोर्टमधे गॅप कंडक्टन्स कुठून आणला हे लिहिलेलं नसेल तर पुढचे ग्राफ बघण्यात वेळ घालवू नये, ते कितीही गुळगुळीत दिसोत.

ह्याच कारणाने नॉर्वेच्या हाल्डेन रिअ‍ॅक्टरमधे वर्षानुवर्षं पेलेटच्या मध्यात थर्मोकपल घालून तापमानं मोजली गेली. ट्रिपच्या वेळी मध्याचं तापमान किती वेगाने पडतं ह्यावरून टाइम कॉन्स्टंट आणि त्यावरून गॅपचा अंदाज बांधता येतो. तो रिअ‍ॅक्टर २०१८ ला बंद झाला, पण फ्रॅपट्रान, ट्रान्सयुरेनस, बायसन असे कोड तपासायला त्याचा डेटा अजून वापरतात.

अजून एक, ट्रान्झियंट चालू असतानाच गॅप बदलते. पॉवर वाढली की पेलेट फुगून गॅप बंद, पाण्याचा दाब गेला की आतल्या गॅसमुळे क्लॅड बाहेर फुगून गॅप उघडी. दुसऱ्या केसमधे क्लॅडला थोडा दिलासाच मिळतो कारण साठा हळू बाहेर येतो, पण फुगलेल्या क्लॅडमुळे बाजूच्या रॉडमधली पाण्याची वाट अरुंद होते, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने घेतलं. स्थिर गॅप धरून केलेलं गणित पहिल्या काही सेकंदांपुरतं ठीक, पुढे नाही.

फ्युएल जुनं झालं की के सुद्धा कमी होतो, फिशनचे अवशेष आणि बारीक बुडबुडे वाटेत येतात. ३.५ चा २.८ केला तर आतला फरक ४५५ चा ५६८. जुन्या रॉडची पॉवर सहसा कमी असते म्हणून निभावतं.

चकत्या कधी पाडायच्या

पल्सच्या केसमधे दोन कॉलम खोटं बोलतात. अंतराचा अंदाज घ्यायचा तर अल्फा गुणिले वेळ ह्याचं वर्गमूळ काढा. पेलेटचा अल्फा १.१ गुणिले दहाचा उणे सहावा घात, चौरस मीटर प्रति सेकंद. २० मिलिसेकंदांत उष्णता जाते ०.१५ मिमी. चार मिमी त्रिज्येच्या पेलेटमधे ०.१५! म्हणजे पल्सच्या काळात पेलेटच्या प्रत्येक ठिपक्याला जेवढी ऊर्जा मिळाली तेवढीच त्याची, शेजाऱ्याकडे काहीच जात नाही. इथे गणित उलट सोपं होतं, ऊर्जा प्रति ग्रॅम भागिले विशिष्ट उष्मा. ग्रॅमला १०० कॅलरी म्हणजे ४१८ जूल, ग्रॅमच्या विशिष्ट उष्म्याने म्हणजे ०.३१ ने भागले तर १,३५० डिग्रीची वाढ, प्रत्यक्षात थोडी कमी कारण गरम झाल्यावर विशिष्ट उष्मा वाढतो. युरेनियम डायऑक्साइड वितळतं २,८५० डिग्रीच्या आसपास, त्यामुळे अशी गणितं कॅलरी प्रति ग्रॅममधेच बोलली जातात.

आणि पल्समधे सगळ्यात गरम जागा मध्य नसते, कडा असते. जुन्या पेलेटच्या कडेला प्लुटोनियम साठलेलं असतं, तिथे फिशन जास्त, आणि उष्णतेला आत जायला वेळच मिळत नाही, म्हणून पहिल्या क्षणी शिखर पृष्ठभागाच्या जरा आत दिसतं, मग काही सेकंदांत ते मध्याकडे सरकतं. फ्रान्सच्या कॅब्री आणि जपानच्या एनएसआरआर रिअ‍ॅक्टरमधे मुद्दाम असे पल्स देऊन रॉड तपासतात. एक गोष्ट ह्यात वाचवते, पेलेट तापली की युरेनियम-२३८ जास्त न्यूट्रॉन खातं आणि पॉवर आपोआप दबते, त्यासाठी उष्णता पाण्यापर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही.

तर चकत्या. पेलेटच्या २० गोल रिंग, क्लॅडच्या ३. प्रत्येक रिंगचा हिशोब एवढाच: आतल्या बाजूने आलेली उष्णता, वजा बाहेर गेलेली, अधिक तिथे तयार झालेली, बरोबर साठा वाढण्याचा वेग. दोन रिंगांमधला कंडक्टन्स (आधीच्या रेझिस्टन्सच्या उलटा) दोन × पाय (π) × सीमेची त्रिज्या × के ÷ दोन रिंगांच्या मध्यांमधलं अंतर. गॅप ही रिंग नाही, ती नुसती एक सीमा आहे, तिथे दोन × पाय × त्रिज्या × गॅप कंडक्टन्स टाकायचा. गॅपला रिंग बनवून तिच्यात हेलियमची घनता वगैरे भरणारे लोक बघितलेत, काही फायदा नाही, उलट टाइम स्टेप मरते.

स्टेपचंच घ्या. एक्सप्लिसिट पद्धतीत, म्हणजे वरच्यासारखं जुन्या ओळीवरून नवीन काढताना, पेलेटच्या रिंगला १९ मिलिसेकंदांपर्यंत चालतं पण क्लॅडच्या रिंगला साधारण अडीच मिलिसेकंदच, कारण झिर्कोनियमचा अल्फा सातपट आहे. पेलेट हळू, क्लॅड घाईत, आणि स्टेप घाईतल्याच्या तालावर. अर्ध्या मिनिटासाठी बारा हजार ओळी, स्प्रेडशीट रडायला लागते. म्हणून इथे इम्प्लिसिट करा, सगळी नवीन तापमानं एकत्र सोडवायची, तीन कर्णांचं मॅट्रिक्स येतं, थॉमस अल्गोरिदमने पायथनमधे वीस ओळींत होतं. ट्रिपला ०.१ सेकंद स्टेप पुरते, पल्सला मिलिसेकंदाच्या खाली जा, इम्प्लिसिट फुटत नाही म्हणून मोठी स्टेप अचूक होते असं नाही. के जुन्या तापमानावरून घेतला तरी चालतं, घटना जोरात असेल तर प्रत्येक स्टेपमधे दोनतीनदा फिरवा.

डिके हीटचा कॉलम

साधा फॉर्म्युला वे आणि विग्नरचा: ०.०६६ × (ट्रिपनंतरचे सेकंद घात उणे ०.२, वजा ट्रिपनंतरचे अधिक चाललेले सेकंद घात उणे ०.२). वर्षभर चाललेल्या भट्टीला १० सेकंदांनी ४ टक्के, १०० सेकंदांनी अडीच, तासाने १ च्या थोडं वर, दिवसाने अर्धा टक्का. सुरुवातीच्या सेकंदांत तो जरा कमी सांगतो, त्यामुळे हिशोबात थोडा वाढवूनच घ्या.

तासाभरानंतरचा हा १ टक्क्याच्या थोडा वरचा आकडा म्हणजे आपल्या रॉडला साधारण २१५ वॅट प्रति मीटर, कोरड्या रॉडला सेकंदाला १ डिग्री. पाव तासात ९०० डिग्री. १९७९ ला थ्री माइल आयलंड आणि २०११ ला फुकुशिमा, दोन्हीकडे भट्टी बंद झालेली होती, फिशन थांबलेलं होतं, आणि तरी हाच कॉलम नडला. आपल्याकडे ३१ मार्च १९९३ ला नरोऱ्याच्या पहिल्या युनिटला टर्बाइन हॉलमधे आग लागून पूर्ण स्टेशनची वीज गेली, तेव्हा डिझेलवर चालणाऱ्या फायर पंपांनी स्टीम जनरेटरमधे पाणी घालून आणि आतलं जड पाणी नैसर्गिक प्रवाहाने फिरत राहिल्यामुळे ही उष्णता काढली गेली. तिथल्या फ्युएलला काही झालं नाही. रॉडजवळ पाणी फिरतंय तोवर १ टक्का म्हणजे काहीच नाही, क्लॅड पाण्यापेक्षा अर्धा डिग्रीसुद्धा वर नसतं, स्प्रेडशीटमधे टाकून बघा.

तारापूरचे रॉड

तारापूरला पहिली दोन युनिटं १९६९ ची, बॉयलिंग वॉटर. तिसरं-चौथं ५४० मेगावॅटचं, जड पाण्याचं, २००५-०६ चं. जड पाण्याच्या ह्या युनिटांत ३७ रॉडचे अर्धा मीटर लांबीचे बंडल, पेलेटचा व्यास १२ मिमीच्या थोडा वर. वरचं सगळं गणित लागू होतं, तीन गोष्टी बदला. त्रिज्या ६.१ झाली की पेलेटचा वाटा १.९ चा ४.३ सेकंद होतो, त्रिज्येच्या वर्गाने. क्लॅड फक्त ०.४ मिमीच्या आसपास आणि मुद्दाम इतकं पातळ की पाण्याच्या दाबाने ते पेलेटवर बसतं, म्हणून गॅप कंडक्टन्स बराच जास्त धरायचा आणि गॅपची अनिश्चितता थोडी कमी होते. आणि फ्युएल चालू भट्टीत बदलतात, बंडल ढकललं की काही रॉडची पॉवर थोड्या वेळात चढते, हा ट्रान्झियंट मिनिटांचा आहे म्हणून तापमानासाठी स्टेडी स्टेट चालेल, पण फुगलेली पेलेट क्लॅडवर दाब देते तो प्रश्न वेगळा, तो तापमानाच्या स्प्रेडशीटमधे दिसत नाही.

ग्राफ दाखवायच्या आधी

चार तपासण्या. पॉवर न बदलता चालवा, काही हलू नये. स्टेप अर्धी करा, उत्तर डिग्रीभराच्या वर बदलू नये. मग पृष्ठभागाचं तापमान बांधून ठेवा, पॉवर शून्य करा, अल्फा स्थिर ठेवा. सुरुवातीचा सेकंदभर सोडला तर मध्य आणि पृष्ठभागातला फरक दर २.७ सेकंदांनी एक भागिले ई पट होत जायला हवा, त्रिज्या वर्ग भागिले ५.७८ अल्फा, हे रिंगांच्या कोडला लावायचं, दोन कॉलमला नाही. आणि शेवटी ऊर्जेचा हिशोब, तयार झालेली वजा पाण्यात गेलेली बरोबर साठ्यातला बदल, जूलमधे. चौथी लोक टाळतात कारण कंटाळवाणी आहे, पण रिंगची सीमा एकीकडे आतली आणि दुसरीकडे बाहेरची धरली गेली असेल तर ते फक्त इथेच सापडतं, ग्राफ अगदी छान दिसत असतो.